सहा पाचची फेरी

४ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी, दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

कारण असं. आज हिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. हिच्या डाव्या छातीतली गाठ काढून दीड वर्ष झालं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं पार पडलं. आजाराचं नाव फाइलवर छापलेलं आहे, इथे पुन्हा लिहायची गरज नाही. बाई म्हणाल्या, ते मागे पडलं, आता हृदय आणि हाडं सांभाळायची. त्या उपचारांचा हृदयावर ताण पडू शकतो, आणि रोजची हॉर्मोनची गोळी हाडं विरळ करते. हिची थोडी झालीच आहेत. कोलेस्टेरॉलही वर आहे. तेव्हा रोज चालणं, आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं, तोल सांभाळायचे व्यायाम, मीठ-साखर-तळण कमी, कॅल्शियम, कोवळं ऊन. सप्टेंबरमध्ये रक्त आणि हृदय पुन्हा तपासायचं. हाडांची तपासणी पुढच्या वर्षी. आकडे बिघडले तर औषधं वाढणार.

हे सांगताना बाई बघत हिच्याकडे होत्या, पण बोलत माझ्याशी होत्या. जबाबदारी कुणावर टाकायची ते जाणकाराला बरोबर कळतं. बसडेपोत एकतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं आखली. चारशे गाड्या सांभाळल्या, तिथे एक बायको म्हणजे काय!

५ मार्च, बुधवार
वेळापत्रक तयार. चार रंगांत. स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं.

चालण्याची वेळ सकाळी ६.०५. सहा नाही. सहा वाजता म्हटलं की माणूस सहा वाजता उठतो. सहा पाच म्हटलं की दचकून पावणेसहाला तयार होतो. डेपोतली ही युक्ती माझीच.

हिने वेळापत्रक पूर्ण वाचलं. म्हणाली, छान झालंय. मग विचारलं, यात तुम्ही कुठे आहात? मी खाली उजव्या कोपऱ्यात सही दाखवली.

७ मार्च, शुक्रवार
६.०५ चा गजर झाला. ऐकला. बंद केला. ७.४० ला पाहिलं तर ही अंथरुणात नाही. आठला दारातून आली, कॅनव्हासचे बूट, कपाळावर घाम. खालच्या मजल्यावरच्या शिट्टीबाईंबरोबर गेली होती म्हणे.

शिट्टीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या बाई. शाळा सुटली, गळ्यातली शिट्टी सुटली नाही. चार-पाच बायका गोळा करून रोज तळ्याभोवती फिरवतात. फिरणं कमी, गप्पाच जास्त असणार. त्याला व्यायाम म्हणत नाहीत.

लॉगमध्ये नोंद केली : फेरी रद्द. प्रवासी स्थानकावर हजर नव्हता.

८ मार्च, शनिवार
उठायला पुन्हा थोडा उशीर. पण एक पद्धत आठवली. डेपोत आम्ही दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांपुढे आदल्या संध्याकाळीच बरोबरच्या खुणा करून ठेवायचो. गाडी सुटणारच असते, सकाळच्या घाईत खुणा कोण करत बसणार? तेव्हा निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या हिरव्या शाईच्या पेनाने ३१ मार्चपर्यंतच्या खुणा करून टाकल्या. तक्ता भरलेला दिसला की उत्साह येतो. मला तरी आला.

११ मार्च, मंगळवार
दोन-दोन किलोचे डंबेल्स आणले. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या सूचनांच्या कागदावर एका दमात बारा वेळा उचला असं लिहिलं होतं. ही म्हणाली, डाव्या हाताला सूज येऊ नये म्हणून दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईंनी अर्ध्या किलोपासून सुरू करायला सांगितलंय. म्हणजे टाळाटाळ. पण दुखण्यातून उठलेल्या माणसाला घालूनपाडून बोलू नये.

डंबेल्स सध्या बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेत. वस्तू वाया जात नाही.

१६ मार्च, रविवार
लेक आली होती. ती दुसऱ्या शहरात नोकरीला असते. आईसाठी मनगटावरचं घड्याळ आणलं. पावलं मोजतं, नाडी मोजतं, झोपही मोजतं. घरच्या फोनला जोडून दिलं, आणखी कुठे कुठे काय काय दाबलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेली.

नवी गाडी तपासल्याशिवाय प्रवासी बसवायचे नसतात. म्हणून घड्याळ आठवडाभर मी वापरून बघणार आहे. ही म्हणाली, बघा की. हिला तसंही मनगटावर काही बांधलेलं आवडत नाही.

२३ मार्च, रविवार
घड्याळाची चाचणी चालू आहे. पट्टा चांगला. झोपताना टोचत नाही. आणखी थोडे दिवस लागतील.

आहार : घरातलं मीठ निम्म्यावर आणलं. निर्णय माझा. मात्र माणसाच्या शरीराला मीठ लागतंच. ते अचानक तोडलं तर चक्कर येऊ शकते, असं कुठेतरी वाचलंय. खारे शेंगदाणे जुन्या वेळापत्रकांच्या कपाटात ठेवलेत. फक्त औषधापुरते.

क्रीम बिस्किटांचा डबा हिच्या हाताला लागेल अशा जागी होता. हिच्या वाटेतला मोह दूर करणं माझं काम. आज संध्याकाळी मोहाची नऊ बिस्किटं दूर केली. उरलेली उद्या.

२ एप्रिल, बुधवार
घरात पडून हाड मोडायचा धोका फार, असं त्या कागदावर आहे. पायाखालची सतरंजी सरकली, माणूस गेला. तेव्हा आज सगळ्या सतरंज्या आणि पायपुसणी उचलली, गुंडाळली आणि बोळकंडीत रचून ठेवली.

नंतर तिथूनच फोन घ्यायला धावलो.

दुपारी ४.१०. पाय सुजलाय. मोडलेला नाही. ही म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. मी साफ नकार दिला. अकरा वर्षांत स्वतःसाठी डॉक्टरची पायरी चढलेलो नाही, हा विक्रम एका सतरंजीपायी मोडणार नाही. हिनेच पट्टी बांधली. मला खांद्याचा आधार देऊन पलंगापर्यंत आणलं. माझं वजन शहाऐंशी किलो. तरी हिला धाप लागली नाही याचं आश्चर्य वाटलं. बहुतेक आधार मीच भिंतीचा घेतला असणार.

९ एप्रिल, बुधवार
पायामुळे खुर्चीतून देखरेख. त्याचा एक फायदा होतो, बारकावे दिसतात.

निरीक्षण एक : ही हल्ली एका पायावर उभं राहून दात घासते. आधी उजवा, मग डावा. पायाला काहीतरी झालंय आणि सांगत नाही. मीही विचारलं नाही, उगाच मनाला लावून घेईल.

निरीक्षण दोन : बाल्कनीच्या दाराचे डंबेल्स अधूनमधून जागा बदलतात. केर काढताना हलत असतील.

निरीक्षण तीन : स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिने लाल आणि निळे ठिपके काढलेत. लाल रोज, निळा आठवड्यातून दोनदा. कुंड्यांचं असणार. लाल म्हणजे पाणी, निळा म्हणजे खत. झाडांची एवढी काळजी, आणि स्वतःच्या हाडांचं काय?

२७ एप्रिल, रविवार
पाय बरा. उद्यापासून मी स्वतः हिच्याबरोबर चालणार. ६.०५.

२८ एप्रिल, सोमवार
आभाळ आलं होतं.

२९ एप्रिल, मंगळवार
आभाळ नव्हतं. पण अंग मोडून आलं होतं.

६ मे, मंगळवार
लेकीचा फोन. फार गंभीर आवाज. म्हणाली, बाबा, आई अजिबात चालत नाही, दिवसाला जेमतेम नऊशे पावलं. मला इकडे सगळे आकडे दिसतात.

हे आकडे तिला कुठून मिळतात कोण जाणे. हल्ली दवाखाने सगळं ऑनलाइन पाठवतात. पण मला नवल वाटलं नाही. तळ्याकाठच्या गप्पांची पावलं किती होणार? मी लेकीला समजावलं, आईवर ओरडू नकोस, या वयात सवय लागायला वेळ लागतो, मी आहे ना. लेक म्हणाली, तुझ्या भरवशावरच तर आहे. ऐकून बरं वाटलं.

मग ती हिच्याशी बोलली. पाच मिनिटं. ही नुसतं हं, हं करत होती. मध्येच एकदा माझ्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाली, बरं, बघते. अपराधी वाटलं असणार.

१८ मे, रविवार
संध्याकाळी हिच्याबरोबर खालपर्यंत गेलो. शिट्टीबाई भेटल्या. मी त्यांना सांगितलं, नुसतं फिरून भागत नाही, नाडी ठरावीक वेगाला न्यावी लागते, बोलता येईल पण गाता येणार नाही इतकी. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि चक्क शिट्टी वाजवली.

उत्तर वर जाऊन बाल्कनीतून देणार होतो. पण तीन मजले चढून आल्यावर लगेच बोलणं जमत नव्हतं. या इमारतीच्या पायऱ्या जास्तच उंच बांधल्यात.

३ जून, मंगळवार
जून महिन्याच्या खुणा पूर्ण. घड्याळाची चाचणी चालू. मध्येच मनगटावर थरथरतं आणि कसलंतरी लाल बदामाचं चित्र येतं. बॅटरीचा दोष असावा. बाजूचं बटन दाबलं की जातं.

१४ जून, शनिवार
हिचा जुना रेनकोट हिला सैल झालाय. वजन कमी होतंय. मला ते बघवलं नाही. केमोच्या वेळी असंच झालं होतं. हिला म्हटलं, खात जा नीट. ही म्हणाली, खाते की, डाळ, अंडी, दही, पालेभाज्या, सगळं खाते, तुमच्यासमोरच. खरंच खाते. मग वजन कुठे जातंय?

माझं दोन किलोने वाढलंय. घरातलं वजन घरातच राहिलं म्हणायचं.

२४ जून, मंगळवार
सकाळी अकराला लेकीचा फोन. रडत होती. म्हणाली, आईचे आकडे फार वाईट आहेत, बसल्या जागी नाडी शंभरच्या वर, झोपेत श्वास अडकतो, ठोके मध्येच चुकतात. उपचारांचा परिणाम हृदयावर झालाय असं तिला वाटतं. सप्टेंबरपर्यंत थांबायचं नाही. तिने डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन करून ८ जुलैची वेळ घेतली.

मी तिला म्हटलं, घाबरू नकोस. फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. 

मला भीती वाटते. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ऑपरेशनच्या दिवशी हिला आत नेलं तेव्हा मी खिडकीत उभा राहून चौकातल्या गाड्या मोजत होतो. एकशे चौदा गाड्या. नऊ उशिरा. कोणत्या नऊ, ते आजही सांगता येईल. त्यावेळी काही करता येत नव्हतं. या वेळी करता येणार होतं, कागदावर लिहून दिलं होतं, आणि मी दारावर चार रंगांचा तक्ता लावून सात चाळीसपर्यंत झोपलो.

२५ जून, बुधवार
दुपारी ही जरा आडवी झाली होती तेव्हा हळूच मनगट धरून नाडी मोजली. चौसष्ट. चुकलं असणार. पुन्हा मोजली. चौसष्ट. तिसऱ्यांदा हिने डोळे न उघडता विचारलं, सापडली का? मी म्हटलं, झोप तू.

मला मोजता येत नाही, हे सिद्ध झालं.

१ जुलै, मंगळवार
निश्चय. कडक. हिला काही काम करू द्यायचं नाही. भाजीची पिशवी हिच्या हातून काढून घेतली. दुसऱ्या मजल्यावर हिने ती माझ्या हातून परत घेतली. म्हणाली, द्या इकडे, तुमचा चेहरा बघा. ही वर गेली. मी मजल्यावरच्या खिडकीतून हवा बघत थोडा थांबलो.

आठ तारखेबद्दल हिला विचारलं, तुला भीती वाटते का? म्हणाली, वाटते. पण कशाची ते सांगितलं नाही. मात्र एक अट घातली. मी घड्याळ काढायचं नाही, दवाखान्यात घालूनच यायचं. मी म्हटलं, बरं. हिची कुठलीही इच्छा आता मोडणार नाही.

८ जुलै, मंगळवार. संध्याकाळी ७.००
क्रमाने लिहितो. काही गाळायचं नाही.

दवाखान्याची लिफ्ट बंद. तिसरा मजला. ही चढून गेली. मी पहिल्या मजल्यावर बसलो, दुसऱ्यावर बसलो. वर पोचलो तेव्हा सिस्टरने मला खुर्ची दिली आणि विचारलं, पेशंट तुम्हीच ना?

हिचा ईसीजी झाला. हृदयाची सोनोग्राफी झाली. रक्त चार दिवसांपूर्वीच दिलं होतं, त्याचा रिपोर्ट आला होता. मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो. साडेदहा ते अकरा पंचवीस. या वेळात खिडकीतून एकही गाडी मोजली नाही. नजर दारावरून हलली नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. हृदय उत्तम. कोलेस्टेरॉल खाली आलंय. नाडी चौसष्ट. बाईंनी हिला एका पायावर उभं राहायला सांगितलं. ही चाळीस सेकंद उभी राहिली, बोलत. हाडांचं पुढच्या वर्षी कळेलच, पण हे असंच चालू ठेवा, म्हणाल्या.

मी डोळे पुसले. लपवायचं कशाला? पुसले. आणि श्रेयाचा प्रश्न आला तेव्हा वेळापत्रकाची जुलैच्या खुणांची घडी केलेली प्रत पुढे ठेवली. बाईंनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, आज आठ तारीख ना? म्हटलं, हो. मग एकतीस तारखेचं चालून झालं कसं?

तेव्हा हिने पर्समधून कॅलेंडरची पानं काढली. लाल ठिपका म्हणजे तळ्याभोवतीच्या फेऱ्या. निळा म्हणजे डंबेल्स, अर्ध्या किलोच्या पाण्याच्या बाटल्यांपासून सुरू करून दोन किलोपर्यंत. कुंड्यांचा काही संबंध नव्हता. एकही दिवस कोरा नव्हता, मी पडलो तो दिवससुद्धा.

बाईंनी लेकीने पाठवलेले आकडे उघडले. म्हणाल्या, मग ही शंभराच्या वरची नाडी, अडकणारा श्वास आणि नऊशे पावलं कुणाची?

खोलीत तिघंच होतो. दोघी माझ्या मनगटाकडे बघत होत्या.

ब्लडप्रेशर एकशे बहात्तर, खालचं एकशे सहा. ईसीजी माझाही काढला. ठोके खरंच चुकतात. औषधं आजपासून सुरू, पुढच्या तपासण्या याच आठवड्यात. बाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, वेळेत आलात.

खाली उतरताना हिला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, लेकीचा पहिला फोन आला तेव्हाच. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस, लेकीची बोलणी उगाच खाल्लीस. तर म्हणाली, तुम्हाला डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर आला असतात का? माझ्या नावाने आलात. मी म्हटलं, लेक किती रडली. तर म्हणाली, त्या दिवशी संध्याकाळीच तिला सांगून टाकलं, मग दोघींनी मिळून ठरवलं.

आणखी एक सांगितलं. केमोच्या वेळी सिस्टरने हिला म्हटलं होतं, तुमचे मिस्टर तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेत, त्यांना काहीतरी काम लावून द्या. म्हणून वेळापत्रक हिने चार महिने दारावर राहू दिलं.

९ जुलै, बुधवार
काही लिहावंसं वाटत नाही. एकच.

हिला स्तनाचा कर्करोग झाला होता. लिहिलं. काही झालं नाही. ही आत भाजी चिरतेय, एका पायावर उभी राहून.

१० जुलै, गुरुवार
दारावरचं वेळापत्रक उतरलं. त्या जागी नवीन. एकाच रंगात, हिच्या अक्षरात. वर माझं नाव. डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने पहिला आठवडा दहाच मिनिटं, सपाट रस्त्याने, सावकाश. वेळ ६.०५. खाली उजव्या कोपऱ्यात हिची सही.

शेंगदाणे कपाटातून गेले. कुठे ठेवलेत विचारलं नाही. बिस्किटांच्या डब्यात आता माझ्या गोळ्या आहेत.

महिन्याच्या खुणा करून टाकाव्यात म्हणून हिरवं पेन शोधलं. ते हिच्याकडे आहे. चालून आल्यावर मिळेल म्हणाली.

१४ जुलै, सोमवार
गजर ५.४५. उठलो. उठवलं.

६.०५ ला निघालो. बायका पुढे, मी मागे, शिट्टीबाई माझ्याही मागे, ढकलायला असाव्यात तशा. पाचव्या मिनिटाला बाकावर बसलो. बायका एक फेरी मारून आल्या, दुसरी मारून आल्या. तिसऱ्या फेरीला ही थांबली, हात धरून उठवलं आणि घराकडे वळवलं. वाटेत बोलत होती. मला बोलता येत नव्हतं, आणि गाण्याचा तर प्रश्नच नव्हता.

घरी आल्यावर हिने पेन काढलं आणि आजच्या तारखेपुढे अर्धी खूण केली. मी म्हटलं, अर्धी खूण नसते, डेपोत कधी नव्हती. ही म्हणाली, अर्धी फेरी झाली की अर्धी खूण.

उरलेली उद्या मिळवायची आहे. ६.०५.